धमक हवी, धडधड नको
घरात सबवूफर बसविण्याचे कसब आणि त्यातील रोजगार

आमच्या भिवंडीत आवाजाची कोणाला नवलाई नाही. यंत्रमागाच्या खटखटीत आम्ही लहानाचे मोठे झालो. गल्लीतले माग बंद पडले तरच माणूस मान वर करून विचारतो, "वीज गेली काय?" अशा गावात आवाजावरून शेजाऱ्याशी संबंध बिघडावेत, ही गोष्ट आम्हांला कोणी सांगितली असती तर आम्ही हसलो असतो. पण तसे झाले, आणि आमच्याच घरी झाले. त्यातून जे शिकलो ते आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख.

मुलाने हौसेने घरी साउंड सिस्टीम आणली. एक रिसीव्हर, पाच छोटे स्पीकर आणि दहा इंची सबवूफर. सबवूफर म्हणजे फक्त खर्जाचा, म्हणजे अगदी खालचा आवाज देणारी ती जड पेटी. दुकानदाराने माणूस पाठविला. त्याने वायरी जोडल्या, पेटी कोपऱ्यात ढकलली, एक गाणे लावून दाखविले आणि तो निघून गेला. दोन दिवसांतच मुलाची तक्रार सुरू झाली, "अब्बा, एवढे पैसे दिले, पण सोफ्यावर बसल्यावर धमकच लागत नाही." मग त्याने सबवूफरचे बटण फिरवीत फिरवीत पाऊणपर्यंत नेले.

आठवड्याने खालच्या मजल्यावरील खाला वर आल्या. बावीस वर्षांचा शेजार. त्यांच्या यजमानांचे बायपासचे ऑपरेशन होऊन महिना झाला होता. दारातच उभ्या राहून आमच्या घरातील मंडळींना म्हणाल्या, "बेटी, तुमच्या घरात काय वाजते ते कळत नाही, पण ह्यांच्या छातीवर कोणी बुक्की मारतेय असे वाटते." रागावल्या असत्या तर आम्हांला बरे वाटले असते. त्या रागावल्या नाहीत, फक्त आत आल्या नाहीत. चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "चाचा, धमक कमी पडते ना? मग बारा इंची घेऊन जा. जुना अर्ध्या किमतीत परत घेतो." म्हणजे वर धमक कमी, खाली जास्त, आणि त्यावर इलाज काय तर आणखी मोठी पेटी! पन्नाशी ओलांडलेल्या व्यापाऱ्याला एवढे तर कळते, की जो माल मापात बसत नाही तो आणखी एक ताका विकून बसत नाही.

शेवटी आमच्याच मोहल्ल्यातील एका तरुण मिस्त्रीला बोलाविले. वडिलांपासून रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे काम. तो आला तेव्हा त्याच्या हातात मोजण्याची टेप होती, वही होती, आणि मोबाईलमध्ये निरनिराळे सूर वाजविणारे एक फुकटचे ॲप. दोन तासांत त्याने सगळे काम केले. एक रुपयाचाही नवा माल घ्यावा लागला नाही. बिघाड यंत्रात नव्हता, बसविण्यात होता.

खर्ज म्हणजे काय

आवाज म्हणजे हवेची थरथर. एका सेकंदात किती वेळा थरथर होते त्याला हर्ट्झ म्हणतात. माणसाच्या कानाला साधारण 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण 85 ते 180 हर्ट्झमध्ये असतो. पियानोचा सर्वांत खालचा सूर 27.5 हर्ट्झचा, बास गिटारचा 41 हर्ट्झचा. तीन इंची छोटा स्पीकर 120-150 हर्ट्झच्या खाली दमतो. त्याच्या खालचा बोजा उचलण्यासाठी सबवूफर लागतो. मोठ्या ओझ्याला वेगळा हमाल लावावा तसेच हे.

हा प्रकार सिनेमातूनही लोकांच्या ओळखीचा झाला. 1974 साली 'अर्थक्वेक' या हॉलिवूडच्या चित्रपटासाठी थिएटरांत 'सेन्सराउंड' नावाची मोठमोठी खर्जाची यंत्रे बसविली होती. भूकंपाच्या प्रसंगी प्रेक्षकांना खुर्च्या थरथरताना जाणवाव्यात म्हणून. आज घरच्या सिस्टीमवर '5.1' असे लिहिलेले असते, त्यातील 5 म्हणजे पाच स्पीकर आणि '.1' म्हणजे 120 हर्ट्झपर्यंतचा हा खर्जाचा वेगळा रस्ता.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. प्रत्येक रेकॉर्डमध्ये खोल खर्ज असतोच असे नाही. जुन्या तबकड्यांवरील कव्वाल्यांत 50 हर्ट्झच्या खाली फारसे काही नसते. तिथे सबवूफर वाढविला तर फक्त तबकडीची घरघर वाढते. उलट 1990 साली नुसरत फतेह अली खां यांची 'मस्त मस्त' ही ध्वनिमुद्रिका मायकेल ब्रुक यांच्या साथीने निघाली, तिच्यात बास गिटारचा खर्ज खरोखरच आहे. सबवूफर तपासायचा तर अशा रेकॉर्डवर तपासावा. संगीत ऐकावे की न ऐकावे या चर्चेत आम्ही पडत नाही, तो उलेमांचा प्रांत आहे. पण ज्याच्या घरी पेटी आली आहे, त्याने ती नीट बसवावी, एवढे सांगण्याचा आम्हांला हक्क आहे.

खोलीचा हिशेब

मिस्त्रीने प्रथम हॉल मोजला. 14 फूट लांब, 10 फूट रुंद. मग वहीत एक भागाकार केला. ही युक्ती प्रत्येकाने पाठ करावी: 563 ला खोलीच्या फुटांनी भागावे. 563 भागिले 14 म्हणजे 40. 563 भागिले 10 म्हणजे 56. याचा अर्थ असा की आमच्या हॉलमध्ये 40 आणि 56 हर्ट्झचे सूर भिंतीवर आपटून परत येतात आणि आपल्याच पुढच्या लाटेत मिसळतात.

कारण साधे आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण 1,125 फूट जातो. 40 हर्ट्झची एक लाट त्यामुळे 28 फूट लांब होते, आणि तिची अर्धी लाट आमच्या 14 फुटांच्या खोलीत बरोबर बसते. जाणारी आणि येणारी लाट जिथे एकमेकींना साथ देतात तिथे आवाज फुगतो, म्हणजे भिंतीजवळ व कोपऱ्यात. जिथे एकमेकींना खाऊन टाकतात तिथे तो सूर जवळजवळ नाहीसा होतो, म्हणजे खोलीच्या बरोबर मध्यभागी.

"चाचा, तुमचा सोफा कुठे आहे बघा," मिस्त्री म्हणाला. त्याने टेप धरली. सोफा टीव्हीच्या भिंतीपासून 7 फुटांवर, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींपासूनही मधोमध. म्हणजे सगळ्या खोलीत जी जागा खर्जाला सर्वांत पारखी, नेमकी तिथे आम्ही बसत होतो! मुलाला धमक लागत नव्हती म्हणून तो बटण वाढवीत होता. कोपऱ्यात आणि जमिनीवर मात्र धमक पुरेपूर होती, ती खालच्या घरात उतरत होती. आमच्या कानाला उपवास आणि खालाच्या घरी आवाजाचा लोंढा, असा तो न्याय होता.

मोठी पेटी घेऊन हे का सुटत नाही, तेही इथेच कळते. पेटीची ताकद वाढविली तर जाणारी लाट मोठी होते, तशीच परत येणारीही मोठी होते. दोघी पुन्हा एकमेकींना खातात. शिवाय आवाजाच्या मापात 3 डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट लागतात, 10 डेसिबल वाढवायला दहापट. सोफा सरकवायला मात्र दोन माणसे लागतात आणि खर्च काहीच नाही.

ज्यांची खोली चौरस आहे, म्हणजे 12 बाय 12 किंवा 10 बाय 10, त्यांनी जास्त सावध राहावे. तिथे दोन्ही बाजूंचा भागाकार एकच येतो आणि तोच एक सूर दुप्पट त्रास देतो.

सबवूफर सोफ्यावर, माणूस जमिनीवर

मग मिस्त्रीने जे केले ते पाहून घरची मुले हसू लागली. सोफा आम्ही दोन-सव्वादोन फूट मागे घेतला होता. मिस्त्रीने सबवूफर उचलून त्याच सोफ्यावर, मुलाच्या बसण्याच्या जागी ठेवला. एक खर्जाचे गाणे सतत चालू ठेवले आणि स्वतः गुडघ्यांवर भिंतीच्या कडेकडेने रांगू लागला. दर दीड-दोन फुटांवर थांबायचे, कान सबवूफर बसेल तेवढ्या उंचीवर आणायचा, ऐकायचे आणि खडूने खूण करायची.

यामागे विज्ञान आहे. पेटी आणि कान यांच्या जागा बदलल्या तरी खर्जाच्या बाबतीत खोली दोघांशी सारखेच वागते. म्हणून सोफ्यावरील पेटीचा आवाज जमिनीवर ज्या जागी सर्वांत स्वच्छ लागतो, म्हणजे एकही सूर घुमत नाही आणि एकही गडप होत नाही, तीच पेटीची जागा. आमच्या हॉलमध्ये ती जागा उजव्या भिंतीलगत, पुढच्या कोपऱ्यापासून साडेचार फुटांवर निघाली. पुढच्या बाजूला निघाली हेही बरे झाले. छोट्या स्पीकरांबरोबर सबवूफरला थोड्या वरच्या सुरांपर्यंत काम करावे लागते, आणि तसा सबवूफर पाठीमागे ठेवला तर आवाज मागून येतो हे कानाला लगेच कळते.

कोपऱ्यात पेटी ठेवली तर आवाज मोठा होतो हे खरे. तीन भिंती-जमिनींचा आधार मिळतो. पण तो मोठेपणा सगळ्या सुरांना सारखा मिळत नाही. एकच सूर 'भुम्म' करीत राहतो. दुकानदाराच्या माणसाने कोपरा निवडला तो सोयीसाठी, ऐकून नव्हे.

जोडणीतील दोन चुका

जागा झाली. आता बटणे. रिसीव्हरमध्ये एक मर्यादा ठरवावी लागते, की कोणत्या सुराच्या खालचे काम सबवूफरने करावे. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. चांगल्या, मोठ्या स्पीकरांसाठी 80 हर्ट्झ हा सर्वमान्य आकडा आहे. आमच्या रिसीव्हरमध्येही 80 च होता. पण आमचे स्पीकर तीन इंची. ते 120 च्या खाली दमतात आणि सबवूफरला हुकूम 80 च्या खालचाच. मग 80 ते 120 मधले काम कोणी करायचे? कोणीच करीत नव्हते. म्हणून बयान ऐकताना मौलानांचा भारदस्त आवाज पातळ वाटत होता, आणि तबल्याचा डग्गा पोकळ. मिस्त्रीने क्रॉसओव्हर 120 केला आणि स्पीकरांची नोंद 'स्मॉल' केली.

दुसरी चूक पेटीच्या पाठीमागे होती. सबवूफरवर स्वतःचेही क्रॉसओव्हरचे बटण असते. ते 60 वर होते. रिसीव्हरने एकदा गाळलेले, पेटीने पुन्हा गाळले. चहा दोनदा गाळला तर बिघडत नाही, पण आवाजाची दोन गाळण्यांमधून वाट लागते. रिसीव्हरच्या सबवूफर आउटमधून एकच केबल येत असेल, तर पेटीवरील हे बटण शेवटपर्यंत वर करावे, किंवा 'एलएफई' अशी खूण असेल तिथे ठेवावे. गाळण्याचे काम रिसीव्हरकडे सोपवावे.

ज्यांच्याकडे जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे आणि त्याला सबवूफर आउट नाही, त्यांनी निराश होऊ नये. पुष्कळ सबवूफरांना स्पीकरच्या वायरी थेट जोडण्याची सोय असते. तिथे मात्र लाल-काळे उलटे होऊ देऊ नये, आणि अशा वेळी पेटीवरील बटणच क्रॉसओव्हर ठरविते; ते स्पीकर जिथे दमतात तिथे लावावे.

त्यानंतर फेज. पेटीवर '0' आणि '180' असा खटका असतो. स्पीकर हवा पुढे ढकलीत असताना सबवूफर मागे ओढीत असेल, तर दोघे मिळून काम बिघडवितात. मागावर एकाने धागा ओढला आणि दुसऱ्याने सोडला तर कापड कसे निघेल? तपासण्याची रीत सोपी आहे. क्रॉसओव्हरचाच सूर, आमच्याकडे 120 हर्ट्झचा, मोबाईलवरून रिसीव्हरमार्फत सगळ्या सिस्टीमवर वाजवावा. एकाने सोफ्यावर बसावे, दुसऱ्याने खटका बदलावा. ज्या बाजूला आवाज मोठा, ती बाजू बरोबर. आमच्याकडे '0' बरोबर निघाली.

शेवटी आवाजाची पातळी. ज्या रिसीव्हरबरोबर छोटा माईक येतो, तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवून मोजणी करून घ्यावी, घरातील पंखे बंद करून. माईकने सबवूफरचे अंतर टेपपेक्षा जास्त दाखविले तर ते बदलू नये. सबवूफरच्या आतील यंत्रणेला थोडा उशीर होतो, तो त्यात धरलेला असतो. माईक नसेल तर कानाने करावे. अर्ध्यापासून सुरुवात करावी आणि ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकावा. माणूस डब्यात बोलतोय असे वाटले तर सबवूफर जास्त झाला. सबवूफर चालू आहे हे कळू नये, पण बंद केला की काहीतरी गेले असे वाटावे. तिथे थांबावे. आमचे पाऊणवरचे बटण अर्ध्याच्याही खाली आले, आणि मुलगा म्हणाला, "अब्बा, आता लागते."

वॅटचे खोटे माप

आता व्यापाराची गोष्ट. बाजारात अजूनही काही डब्यांवर हजारोंत वॅट लिहिलेले दिसतात, 'पीएमपीओ' अशा नावाने. क्षणभरासाठी, कागदावर, निघेल तेवढा मोठा आकडा म्हणजे पीएमपीओ. खरे माप 'आरएमएस' वॅटचे, जे यंत्र सतत देऊ शकते. हजारोंच्या पीएमपीओच्या पोटात दोन आकडी आरएमएस निघणे काही नवलाचे नाही.

आम्ही कापडवाले. ताक्यात मीटर कमी निघाला तर गिऱ्हाईक तोंडावर बोलतो. पन्हा दोन बोटे कमी भरला तर शिंपी माल परत पाठवितो. कुरआन शरीफमध्ये सूरह मुतफ्फिफीन कमी मापणाऱ्यांच्या नावाने आहे, हे आपल्यापैकी कोणा दुकानदाराला सांगायला नको. वॅट डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांचे माप माप नव्हे काय? आपले जे बंधू इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात आहेत, त्यांनी गिऱ्हाइकाला आरएमएसचा आकडा आपणहून सांगावा. एक विक्री कदाचित जाईल, पण तोच गिऱ्हाईक दुसऱ्या वेळी चार माणसे घेऊन येईल.

पडद्याबद्दल खरे बोलू

आमच्या घराचा किस्सा कळल्यावर दोघा-तिघांनी सुचविले, "जाड पडदे लावा, तुमच्या तर दुकानातच आहेत." आमच्या धंद्याच्या नुकसानीचे असले तरी सांगतो: पडदा खर्ज अडवीत नाही. पडदा, गालिचा, गादी या वस्तू वरचे सूर शोषतात. टाळी वाजविल्यावर जी झिणझिण उठते ती त्यांनी थांबते, आणि तेवढ्यासाठी जरूर लावावेत. पण 40 हर्ट्झची लाट 28 फुटांची. तिला भिंतीवर पोहोचण्यापूर्वी पकडायचे तर शोषणारी वस्तू भिंतीपासून पाव लाट, म्हणजे 7 फूट पुढे असावयास हवी. 14 फुटांच्या हॉलमध्ये ते शक्य आहे का? म्हणून 'साउंडप्रूफ पडदा' म्हणून जो कोणी खर्जावरचा इलाज विकतो, तो गिऱ्हाइकाला फसवितो किंवा स्वतः फसला आहे.

कापडवाल्यांना खरा धंदा दुसरीकडे आहे: स्पीकरच्या जाळीचे कापड. त्याची पारख तोंडाजवळ धरून फुंकर मारण्याची. हवा आरपार गेली तर आवाजही जाईल. दाट विणीचे कापड, कितीही उंची असो, इथे निरुपयोगी. विरळ विणीचे, ओढले तरी न सैलावणारे पॉलिएस्टर चालते. जुन्या पेट्यांची जाळी बदलून मागणारे गिऱ्हाईक आहेत, आणि तुकड्यांत माल ठेवणारे दुकान आपल्या भागात क्वचितच सापडते.

शेजाऱ्याचा हक्क

काम झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "चाचा, अजून अर्धे काम खाली आहे." मुलाला वर ठेवून आम्ही दोघे खालाच्या घरी गेलो. त्यांच्याच खोलीत, त्यांच्या यजमानांच्या पलंगाजवळ बसलो, आणि फोनवर मुलाला सांगितले, आता लाव. थोडे ऐकू आले. खाला म्हणाल्या, "वाजते ते कळते. पण छातीवर येत नाही." यजमानांनी मान हलविली. मग आम्हीच विचारले, किती वाजेपर्यंत चालेल? त्या म्हणाल्या, "इशाच्या नमाजीपर्यंत." तेच ठरले. रमजानमध्ये सहरीच्या वेळी पेटी बंदच राहील, हेही ठरले. त्या दिवशी चहा त्यांच्याकडे झाला.

इथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, खर्ज भिंती-स्लॅबमधून आरपार जातो. पेटीखाली जाड रबर किंवा फोम ठेवला तर लादीला बसणारा हादरा कमी होतो, पण हवेतून जाणारा खर्ज थांबत नाही. खरा उपाय म्हणजे योग्य जागा, कमी बटण आणि ठरलेली वेळ. पुष्कळ रिसीव्हरांत 'नाइट मोड' असतो. तो मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर आणतो, त्याचा उपयोग करावा.

दुसरी, कायदा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. पण कायद्याचे मीटर 'ए' मापाने मोजते, आणि हे माप खर्जाला फार कमी धरते; 40 हर्ट्झचा आवाज ते जवळजवळ 35 डेसिबलने कमी दाखविते. म्हणून मीटरने पास केले तरी शेजाऱ्याच्या छातीने नापास केलेले असू शकते. मीटरच्या आड लपू नये.

तिसरी, आपला कान. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1933 सालीच दाखविले, की आवाज लहान असला की माणसाच्या कानाला खर्ज आणखी कमी लागतो. म्हणून रात्री हळू ऐकताना हात आपोआप सबवूफरच्या बटणाकडे जातो. तिथे हात आवरावा. शिवाय आपल्यातील कित्येकांनी वर्षानुवर्षे मागाजवळ उभे राहून काम केले आहे. सततच्या गोंगाटाने पहिली इजा होते ती 4,000 हर्ट्झच्या आसपासच्या ऐकण्याला. अशा माणसाला बोलणे स्पष्ट लागत नाही म्हणून तो सगळाच आवाज वाढवितो, आणि खर्ज विनाकारण वाढतो. घरात असे बुजुर्ग असतील तर आधी त्यांचे कान तपासून घ्यावेत.

कारागीर बंधूंसाठी

मिस्त्रीने पाचशे रुपये मागितले. आम्हांला ते कमी वाटले. तो म्हणाला, "लोक म्हणतात, वायर तर आधीच जोडलेली होती, तू केलेस काय?" हेच आपले दुखणे आहे. आपण मालाचे पैसे देतो, हुन्नराचे देत नाही. आणि कारागीरही हुन्नर दाखवीत नाही, तो खिशात ठेवतो. या मिस्त्रीने वही दाखविली, भागाकार दाखविला, आधीची आणि नंतरची बटणे लिहून आमच्या हातात दिली. म्हणून आम्हांला किंमत कळली. आता ज्याच्या घरी साउंडबार किंवा होम थिएटर आहे, अशा चार ओळखीच्या लोकांकडे आम्ही त्याला पाठविले आहे.

सुतारकाम करणाऱ्यांनाही इथे वाव आहे. सबवूफरची पेटी म्हणजे कपाट नव्हे. स्पीकरबरोबर त्याचे आकडे येतात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 साली आणि पुढे 1970 च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी बसविलेली ही रीत आहे. त्या आकड्यांवरून पेटीच्या आत किती लिटर हवा हवी हे निघते. पुष्कळ सुतार बाहेरून माप धरतात. बाहेरून 15 इंचांचा चौकोनी ठोकळा 55 लिटरचा. पण 18 मिलिमीटर प्लाय दोन्ही बाजूंनी वजा केला की आत उरतात 41 लिटर. चौदा लिटर गेले कुठे? लाकडात. त्यातून आतील आडव्या पट्ट्या आणि स्पीकरचे लोहचुंबक वेगळे वजा होतात. भोक असलेल्या पेटीत नळीची लांबी चुकली तर सूरच बदलतो. सांध्यात फट राहिली तर शिट्टी वाजते. लिहून घेऊन, मोजून काम करणारा सुतार इथे नाव काढील.

दुरुस्तीवाल्यांसाठी एक सूचना. जुन्या सबवूफरच्या कोनाभोवतीची फोमची कडा काही वर्षांत भुगा होऊन पडते, कोकणपट्टीच्या दमट हवेत तर लवकरच. गिऱ्हाईक समजतो स्पीकर जळाला. कडा बदलली की तो पुन्हा उभा राहतो. रबराची कडा जास्त टिकते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात हे सुटे भाग मिळतात.

आणि एक ताकीद. सबवूफरमधून सतत 'हूं' असा आवाज येत असेल, तर बहुधा अर्थिंगचा दोष असतो. विजेच्या 50 हर्ट्झची ती गुणगुण आहे. काही जण इलाज म्हणून प्लगची तिसरी पिन तोडतात. हे कदापि करू नये. गुणगुण जाईल, पण वीज उतरली तर माणूस जाईल. रिसीव्हर, टीव्ही आणि सबवूफर एकाच अर्थिंगच्या बोर्डावर आणावेत, केबल टीव्हीची वायर काढून पाहावी, आणि तरीही गेली नाही तर वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.

ज्या बंधूंच्या घरी पेटी कोपऱ्यात उभी आहे, त्यांनी या शुक्रवारी जुम्यानंतर एक टेप घ्यावी आणि 563 चा भागाकार करून पाहावा. सोफा मध्यावर निघाला तर सरकवावा. त्यानंतर खालच्या मजल्यावर जाऊन, शेजाऱ्याच्या घरी पाच मिनिटे बसून यावे. आमच्याकडे खालांचे यजमान आता बरे आहेत, अलहम्दुलिल्लाह. परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "त्या दिवशीची कव्वाली पुन्हा लाव म्हणावे मुलाला. पण इशाच्या आधी."